मधले काही तास

भुट्टेवाल्याच्या गाडीवर कणीस निवडताना आपण साल जरा बाजूला सारून बघतो. दाणे भरगच्च असले तर ते निखाऱ्यांवर जातं. मध्येच दात पडल्यासारखी बोडकी जागा दिसली तर परत ढिगात. ही जागा का राहिली, असं विचारलं तर गाडीवाला म्हणेल खत कमी पडलं, शेतकरी म्हणेल बियाणं खराब निघालं. कारण बरेचदा तिसरंच असतं आणि ते आपण नुकतंच ओरबाडून गाडीखाली टाकलेलं असतं. कणसाचे केस.

मक्याच्या डोक्यावर तुरा येतो तो नर. खाली पानाच्या बेचक्यात कणीस धरतं ती मादी. कणसाच्या शेंड्यातून बाहेर लोंबणारा एकेक केस आत एकाच दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. सहाशे दाण्यांचं कणीस म्हणजे सहाशे केस. तुऱ्यातून वाऱ्याने उडालेला परागकण केसावर पडला की ओल धरून फुगतो आणि त्याला एक नळी फुटते. ही परागनलिका केसाच्या आतल्या आत खाली उतरत जाते. कण असतो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा आणि त्याला काटायचं असतं वीतभर, कधी त्याहूनही जास्त अंतर. साधारण एका दिवसात नळी तळाशी पोचते आणि सोबत आणलेल्या दोन नर पेशी बीजांडात सोडते. तिथे दाणा धरतो. ज्या केसावर कण पडलाच नाही, किंवा पडला पण उन्हाने करपला, त्या केसाच्या मुळाशी बोडकी जागा.

हे डोळ्यांनी पाहता येतं. केस बाहेर पडून काही दिवस झाले की एक कोवळं कणीस खुडायचं, केस ओढले जाणार नाहीत अशा बेताने साल उकलायची आणि कणीस शेंड्याकडून उलटं धरून झटकायचं. ज्या जागांचं फलन झालंय त्यांचे केस आपोआप गळून पडतात. बाकीचे घट्ट चिकटून राहतात, वाट बघत. कणसाला अजून दाण्याचा आकारही आलेला नसतो, आणि तरी किती पीक येणार याचा बराचसा निकाल हातात असतो. ऐन वेळी पावसाने ताण दिला तर तुरा ठरल्या वेळी येतो पण केस मागे राहतात. केस बाहेर येईपर्यंत तुऱ्यातले पराग उडून गेलेले असतात. त्यानंतर कितीही पाणी दिलं तरी ते चुकलेले दिवस भरून निघत नाहीत.

शेतीच्या गप्पांत पाणी असतं, खत असतं, फवारणी आणि बाजारभाव तर असतातच. फूल उमलल्यापासून फळ धरेपर्यंतचे मधले काही तास मात्र त्यात क्वचित येतात. द्राक्ष-डाळिंबवाले त्याला ‘सेटिंग’ म्हणतात, ‘सेटिंग चांगली झाली’ एवढ्यावर विषय संपतो. पण झाडाला पाय नाहीत. नराचे पराग मादीपर्यंत कुणीतरी न्यावेच लागतात. वारा नेतो, भुंगे-माश्या नेतात, आणि महाराष्ट्रातल्या काही तालुक्यांत ते माणसांचे हात नेतात. ही नेआण करणाऱ्यांचा हिशेब कुठल्याच सातबाऱ्यावर नसतो.

०००

झाडांनाही नर-मादी असतात हे शास्त्र म्हणून मान्य व्हायला वेळ लागला. जर्मनीत ट्यूबिंगेन इथे कामेरारियस नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १६९४ मध्ये हे प्रयोगांनिशी मांडलं. तुती, एरंड, मका अशा झाडांची नर फुलं त्याने काढून टाकली किंवा मादी झाडं एकटी ठेवली आणि बी धरत नाही हे दाखवलं. पण फुलावर पडलेला कण आत पोचतो कसा, हे कळायला आणखी सव्वाशे वर्षं गेली आणि तो मान मिळाला आपल्या ओळखीच्या एका रानभाजीला. इटलीत आमिची हा सूक्ष्मदर्शकं बनवणारा माणूस घोळीच्या फुलाची कुक्षी भिंगाखाली बघत होता. त्याला बघायचे होते तिच्यावरचे केस. तेवढ्यात तिथे चिकटलेल्या परागकणातून एक नळी बाहेर पडताना दिसली. ते त्याने १८२४ मध्ये छापलं. ताकातली घोळीची पातळ भाजी खाताना हे आठवायला हरकत नाही.

नळी दोन नर पेशी नेते, हे नंतर कळलं. दोन कशाला, हा प्रश्न १८९८ पर्यंत लटकून होता. त्या वर्षी कीवमध्ये सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या जातीतल्या फुलांत दाखवून दिलं, की एक पेशी अंडपेशीशी मिळते आणि तिचा गर्भ होतो, म्हणजे पुढचं रोप. दुसरी पेशी आतल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून गर्भाची शिदोरी तयार होते. शाळेच्या पुस्तकात याला ‘द्विफलन’ म्हणतात आणि आकृती काढायला पाच गुण असतात, म्हणून सगळ्यांनी ती काढलेली असते. पण ज्वारीची भाकरी, गव्हाची पोळी, ताटातला भात हे सगळं मुख्यतः ती दुसरी शिदोरी आहे, हे त्या आकृतीखाली कुणी लिहीत नाही. शहाळ्यातलं पाणी हीसुद्धा तीच शिदोरी, अजून पातळ असलेली, पेशींच्या भिंती पुरत्या न पडलेली. मलई धरते तेव्हा तीच करवंटीच्या आतल्या बाजूला थरावत जाते. तूर-हरभऱ्यात मात्र गर्भ ही शिदोरी बी पिकण्याआधीच खाऊन टाकतो आणि स्वतःच्या दोन जाड दलांत साठवतो. डाळ भरडली की वेगळी होतात ती हीच दोन दलं.

०००

जालन्याहून देऊळगाव राजाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या-पांढऱ्या जाळ्यांची घरं लागतात. शेडनेट. आत टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, काकडी, पण यातलं काहीही भाजीबाजारात जाणार नाही. इथे पिकतं ते बी. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये बियाण्याची कंपनी काढली आणि पुढे हा सगळा पट्टा बीजोत्पादनाचा झाला. कंपनी शेतकऱ्याला नर आणि मादी वाणांचं बी देते, पुड्यांवर नाव नसतं, नुसते आकडे. कुठल्या वाणाचं बी आपण पिकवतोय हे पिकवणाऱ्याला ठाऊक नसतं. जाळीची वीण बारीक असते, कारण आत एकही माशी येऊ द्यायची नाही. एरवी शेतकरी ज्यांची वाट बघतो त्यांनाच इथे दारबंदी. परागाची नेआण माणसाने करायची, आणि ती बहुतेक बायका करतात.

दुपार कलली की काम सुरू होतं. टोमॅटोची उद्या उमलणारी कळी हेरायची. पाकळ्या अजून मिटलेल्या, फिक्या, हिरवटपणा सोडून पिवळेपणाकडे झुकू लागलेल्या. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरायची, उजव्या हातातल्या चिमट्याने पाकळ्या उकलायच्या आणि आतला परागकोशांचा सुळका एका ओढीत काढून टाकायचा. मध्ये राहते ती एक हिरवी दांडी, टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी कुक्षी. दांडीला चिमटा लागला तर कळी गेली. परागकोशाचा तुकडा आत राहिला तर त्याहून वाईट. आपल्याच परागाने फळ धरतं आणि बियाण्यात भेसळ होते. एका शेडमध्ये मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या एका मावशीने मान वर न करता सांगितलं, “कळी पिवळीजर्द व्हायच्या आधी धरा लागते. पिवळी झाली म्हंजी सेल्फ झाली समजा. ती तोडून फेकायची, लोभ नाही करायचा.” तिच्या ओळीतल्या कळ्या ती न थांबता घेत होती. मी एक करून पाहिली आणि ती मोडली. तिने ती झाडावरून खुडून खाली टाकली, काही बोलली नाही.

त्याच दुपारी नर झाडांची फुलं गोळा होतात. त्यांचे परागकोश रात्रभर सुकवायचे, सकाळी बारीक कापडातून वा चाळणीतून झटकायचे. हाती येते ती चिमूटभर पिवळी पूड. सकाळी उन्हं चढायच्या आत कालच्या प्रत्येक उघड्या कुक्षीला ती लावायची, बोटाने किंवा बोटात घातलेल्या छोट्या वाटीत कुक्षी बुडवून. मग कळीच्या तळाशी असलेल्या पाच हिरव्या निदलांपैकी दोन कापायची. ही खूण. फळ लाल होऊन तोडणीला येतं तेव्हा देठाशी दोन निदलं कमी असतील तरच ते क्रॉसिंगचं, नाहीतर बाजूला. इतकं करूनही पुढे बियाण्याचा नमुना पेरून पाहतात, त्या चाचणीला तिथे सगळे ‘जीओटी’ म्हणतात. ती फेल झाली की लॉट गेला. महिन्यांचं काम एका कागदावर नापास होतं आणि कुठली कळी कुणाच्या हातून सुटली हे कधीच कळत नाही. दोष जातो तो सगळ्या शेडला.

अशा कामाची मोठी सुरुवात कपाशीने केली. सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये ‘एच-४’ हा संकरित वाण दिला, व्यापारी लागवडीचा जगातला पहिला. कपाशीचं फूल सकाळी फिक्या पिवळसर रंगाचं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडलेलं असतं; जे करायचं ते त्या सकाळी. आदल्या दुपारी नखाने कळी सोलून नर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून घासायचं. बोंड हातानेच बनवायचं म्हटल्यावर हात लागतात, आणि पुढची काही दशकं आंध्र-गुजरातेत ते हात शेकडो गावांत लहान मुलींचे होते. त्यावर अहवाल निघाले, कंपन्यांवर दबाव आला. ‘बारीक बोटांना हे काम चांगलं जमतं’ असं तेव्हा समर्थनादाखल म्हटलं जाई. मजुरी कमी द्यावी लागते, हे कारण कुणी मोठ्याने सांगत नसे.

ज्वारीचं हे हाताने होणं शक्यच नव्हतं. एका कणसात हजारो फुलं, प्रत्येक फूल डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं. तिथे शास्त्रज्ञांना अमेरिकेत १९५०च्या दशकात अशी ज्वारी मिळाली, की जिच्या फुलांत पराग तयारच होत नाहीत. मग नर काढायचं कामच उरलं नाही. शेजारी दुसरा वाण पेरायचा, पुढचं वारा बघून घेतो. त्यातून १९६४ मध्ये आपल्याकडे ‘सीएसएच-१’ आली. बहात्तरच्या दुष्काळातल्या पिढीने ‘हायब्रीड’ची भाकरी म्हणून जिच्या नावाने बोटं मोडली, ती याच घराण्यातली. चवीबद्दल ती पिढी खोटं बोलत नव्हती.

०००

काही पिकं कुणाच्या वाटेला जात नाहीत. भाताची लोंबी बाहेर पडते, फूल तासाभरासाठी उघडतं आणि बहुतेक वेळा आपल्याच परागावर भागवून मिटतं. भुईमूगही तसाच, पण पुढे त्याचं वागणं जगावेगळं. पिवळं फूल सकाळी उमलून दुपारपर्यंत मान टाकतं, आणि मग त्या जागेवरून एक जांभळट टोकदार सुई निघून खाली मातीकडे चालू लागते. आपल्याकडे तिला ‘आऱ्या’ म्हणतात. फलन झालेलं बीजांड सुईच्या टोकाला असतं, ती ते जमिनीत पुरते आणि शेंग मातीत धरते. म्हणून आऱ्या सुटल्यावर शेतात कोळपं घालायचं नाही. उलट काही जण रिकामा ड्रम पिकावरून फिरवतात, म्हणजे वर राहिलेल्या आऱ्यांना माती भेटते.

कांद्याचं याच्या उलट. आपल्याला कांदा हवा असतो तेव्हा डेंगळा आला की जीव चडफडतो, पण बी करणाऱ्याला डेंगळाच हवा. हिवाळ्याच्या तोंडाला निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतात, त्यातून दांडे वर येतात आणि टोकाला पांढरे गोंडे फुलतात. एका गोंड्यात शेकडो फुलं. प्रत्येक फुलाचे पराग आधी झडून जातात आणि त्याच फुलाची कुक्षी दोन-तीन दिवसांनी तयार होते, त्यामुळे एकाच फुलात घरच्या घरी भागत नाही. माशी लागतेच. गोंड्यावर माशी नसली तर काळं बी धरायच्या ऐवजी पोकळ बोंडं हाताला लागतात.

अडचण अशी, की मधमाशीला कांदा फारसा आवडत नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी मोहरी किंवा धने फुलले असतील तर ती तिकडे वळते. त्यात फुलकिडे पडले म्हणून फुलोऱ्यातच फवारणी होते. फुलकिड्यांवर मारलेलं औषध माशीलाही लागतं. मग ‘यंदा बी धरलंच नाही’ म्हणून शोधाशोध, आणि पुढच्या वर्षी मधपेट्या भाड्याने आणायच्या. ज्या आग्यामाश्या अन् सातेरी माश्या फुकट यायच्या, त्यांना आपणच पळवलं आणि आता पेटीचं भाडं भरतो, असं एक बीजोत्पादक मला हसत म्हणाला. त्याने फवारणी संध्याकाळवर ढकलली, माश्या घरी गेल्यावर. तेवढ्याने त्याच्या शेतात फरक पडला, असं त्याचं म्हणणं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं तेव्हा बातम्या मधाच्याच होत्या. माशीने खालच्या शेतांत केलेलं काम मधाच्या बाटलीत भरता येत नाही, आणि माझ्या मते तेच मधाहून मोठं आहे.

दिवाळीत सीताफळं येतात. एखादं गोल, सगळीकडून भरलेलं; एखादं एका बाजूला बसकं, पिचकलेलं. फळवाल्याला विचारू नका, याचंही कारण जून-जुलैत घडून गेलेलं असतं. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे एकेक वेगळं अंडाशय. अनेक मिळून एक फळ. जितक्या कुक्षींना पराग मिळाला तितके डोळे भरतात, ज्या बाजूला मिळाला नाही ती बाजू खुरटते. आणि पराग मिळणं सोपं नाही. फूल खाली मान घालून लोंबतं, तीन जाड हिरवट पाकळ्या जेमतेम फटीएवढ्या उघडतात. आधी कुक्षी चिकट होऊन तयार असतात तेव्हा स्वतःचे पराग पिकलेले नसतात. पराग झडायला लागतात तोवर कुक्षी वाळलेल्या असतात. त्या फटीतून ये-जा करू शकतात ते दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी भुंगेरे. मधमाशीला तिथे शिरता येत नाही आणि तिला तो वासही मानवत नाही. पिकल्या फळासारख्या आंबूस वासाने भुंगेरे एका फुलात शिरतात, पराग अंगावर घेऊन दुसऱ्यात जातात. बाग फार कोरडी आणि झाडलोट केलेली असली की भुंगेरे कमी होतात, ते सडक्या फळांच्या पालापाचोळ्यात वाढतात. म्हणून काही बागाईतदार आता ब्रश घेऊन निघतात. उमललेल्या फुलातले पराग डबीत झाडून घ्यायचे आणि अर्धवट उघडलेल्या फुलात ब्रश फिरवायचा. फळं जास्त धरतात आणि गोल धरतात. दिवाळीत जास्त भाव मिळतो तो या गोल फळाला.

०००

वासाचं म्हणाल तर त्यात शेवळाचा हात कुणी धरणार नाही. जूनच्या पहिल्या सरींबरोबर ठाणे, कल्याण, वसई, पालघरच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. मातकट जांभळे, मिटलेले कोंब. सीकेपी घरांत त्याची कणी होते, कुठे कोलंबी घालून, कुठे वाल घालून, आणि खाज मारायला काकडं लागतातच. विकणारी बाई काकडं सोबत ठेवते. विसरलात तर आठवण करते. शेवळ हा आख्खा फुलोरा आहे, सुरणाच्या कुळातला. साफ करताना आतला खालचा पिवळट दाणेदार भाग काढून टाकतात, तीच खरी फुलं: तळाशी मादी, त्यांच्या वर नर. वरचा लांब दांडा फुलांचा नाही, तो वासाचा. जंगलात तो न खुडता राहिला तर उमलून सडक्या मांसासारखी घाण मारतो आणि मेलेल्या जनावरावर येणारे किडे फसून आत येतात. त्यांना खायला-प्यायला काही मिळत नाही. पहिल्या दिवशी मादी फुलं तयार असतात, नंतर नर फुलं पराग सोडतात, किडे ते घेऊन उडतात आणि दुसऱ्या शेवळाने पुन्हा फसतात. कास पठारावर फुलणारं कंदीलपुष्प याच धंद्यातलं: बारीक माश्यांना नळीत अडकवून ठेवतं आणि आतले केस सुकले की सोडून देतं. फुलं मध देतात म्हणून माश्या येतात, हे झालं सज्जन फुलांचं.

कोकमाची गोष्ट कोकणात घरोघरी माहीत आहे, पण ती वेगळ्या शब्दांत सांगितली जाते: ‘ह्या झाडाक रतांबे धरणत नाय.’ कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावलं तर रोप कुठलं हे पहिला बहर येईपर्यंत कळत नाही, आणि बहर यायला सहा-सात वर्षं लागतात. साधारण निम्मी नर निघतात. इतकी वर्षं पाणी घातलेलं झाड वांझ निघालं म्हणून कुऱ्हाड लावली जायची, आणि मग शेजारच्या मादी झाडांचं फळ का घटलं याचं कोडं पडायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मादी झाडांची कलमं करायची पद्धत बसवली, १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली. आता रोपवाटिकेतून कलम आणलं की मादीच मिळते. फक्त बागेत थोडे नरही ठेवा, हे सांगावं लागतं, कारण कुऱ्हाडीची सवय जुनी आहे.

उंबराचं फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. खरं तर उंबर म्हणजे आतबाहेर उलटलेला फुलोरा: मांसल पिशवीच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं आणि शेंड्याला खवल्यांनी बंद केलेलं एक भोक. त्यातून दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी आत घुसते. भोक इतकं चिंचोळं, की तिचे पंख तिथेच तुटून राहतात. परत जायचं नसल्याने चालतं. ती सोबत आणलेले पराग मादी फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आत मरते. काही आठवड्यांनी तिची पिल्लं निघतात. आधी नर, त्यांना पंख नसतात. ते फुलांच्या गाठीत अजून कोंडलेल्या माद्यांशी संग करतात, त्यांच्यासाठी भिंत कुरतडून बाहेरची वाट करतात आणि तिथेच संपतात. तोवर आतली नर फुलं पिकलेली असतात. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. हाती एक-दोन दिवसांचं आयुष्य, तेवढ्यात दुसरं योग्य वयाचं उंबर गाठायचं. फळ फोडल्यावर उडणारी केंबरं ती हीच, आणि त्यांच्यासोबत फुकट खाणारे दुसरे किडेही. या माशीला बारा महिने कुठेतरी उंबर लागतं, म्हणून सगळी झाडं एकदम फळत नाहीत. धनेश, हरियाल, उदमांजर यांचं ऐन टंचाईतलं पोट त्यामुळे चालतं.

अंजीर याच कुळातलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लोकांनी तुर्कस्तानातून उत्तम अंजिराची झाडं नेली आणि फळं वर्षानुवर्षं हिरवीच गळत राहिली. माशी नेली नव्हती. ती १८९९ मध्ये नेली, मग फळ टिकलं. पुरंदरच्या अंजिराला हा व्याप नाही. पुणे अंजीर परागाशिवायच फळतं. खट्टा बहार असो की मीठा, सासवड-दिव्याच्या बागेत माशीची गरज पडत नाही आणि आतल्या बिया पोकळ असतात. लागवड फाटे लावून होते. अंजीर खाताना किडे खातो का, असं विचारणाऱ्या शाकाहारी मित्रांना मी पुरंदरचं नाव सांगतो.

०००

माशी नको, हात नको, नरही नको, आणि तरी बी उगवणारं हवं असेल तर? विदर्भात याच्या जवळपासचं काहीतरी रोज चालतं. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांत नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात तो जंबेरीच्या खुंटावर. जंबेरीचं एक बी पेरलं की कधी दोन, कधी तीन कोंब फुटतात. त्यातला फार तर एक फलनातून आलेला, बाकीचे आईच्या पेशींतून थेट तयार झालेले, हुबेहूब आईसारखे. म्हणून सगळे खुंट एकसारखे मिळतात. रोपवाटिकेतला माणूस वाफ्यात फार खुरटं किंवा फार ढांगळं रोप दिसलं की उपटून टाकतो. ते बहुतेक फलनातलं असतं. एका बीमध्ये अनेक गर्भ असतात हे सूक्ष्मदर्शकवाल्या लीवेनहुकने संत्र्याच्या बीमध्ये १७१९ मध्ये पाहिलं होतं.

हीच खोड भातात आणता आली तर संकरित बी दरवर्षी नव्याने बनवावं लागणार नाही. एकदा संकर केला की पुढे त्याचंच बी पेरत राहायचं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने जनुकांत बदल करून हे भातात करून दाखवलं आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. सुरुवातीला थोड्याच बिया तशा निघत. काही वर्षांतच संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. टोमॅटोत २०२४ मध्ये अर्धी पायरी चढून झाली: जर्मनीतल्या संशोधकांनी अशा जननपेशी मिळवल्या ज्यांत आईची सगळी गुणसूत्रं जशीच्या तशी उतरतात. त्या पेशीतून फलनाशिवाय गर्भ धरवणं अजून व्हायचं आहे.

देऊळगाव राजाच्या त्या शेडमध्ये मी हे सांगितलं तेव्हा शेतमालकाने पहिला प्रश्न केला, “म्हणजे कंपनी एकदाच बी विकणार? मग ती कशाला करेल हे?” मावशीने चिमटा साडीला पुसला आणि विचारलं, “अन् आम्ही?” मालकाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जाळीबाहेर दुपारची पाळी संपत आली होती आणि तिच्या ओळीत अजून कळ्या बाकी होत्या, त्यामुळे ती उत्तराला थांबली नाही.